टेकडीच्या बाजूचं 'नाही'

"म्हणजे टेकडी वाचवायची असेल तर 'नाही' म्हणायचं?" ऑस्टरगार्डने पुन्हा एकदा विचारलं. नळदुरुस्तीचं काम करून निवृत्त झालेला हा म्हातारा व्हर्नाच्या शेजारी राहायचा.

"होय, नाही," व्हर्ना म्हणाली.

"मला टेकडी आवडते. आवडणाऱ्या गोष्टीला नाही कसं म्हणू?"

"तुझ्या बायकोने तुला पहिल्यांदा नाहीच म्हटलं होतं ना? तसंच."

शाळेच्या व्यायामशाळेत अख्खं गाव जमलं होतं. पिवळ्या टेकडीवर घरं बांधायला नगरपरिषदेने एका कंपनीला परवानगी दिली होती. लोकांनी सह्या गोळा करून तो निर्णय गावाच्या मतदानाला आणायला लावला. परवानगी कायम ठेवावी का, एवढाच प्रश्न मतपत्रिकेवर होता. साधा प्रश्न होता, पण टेकडीवर जीव असलेली निम्मी माणसं 'हो'वर खूण करतील, ही व्हर्नाला धास्ती होती. म्हणून शाळेची बस चालवून घरी आली की ती रोज दारोदार फिरून 'नाही'चा अर्थ समजावत होती.

आज बोलायला प्रत्येकाला दोन मिनिटं होती. व्यासपीठावर हिरवा, पिवळा, लाल असे तीन दिवे ठेवले होते. व्हर्नाच्या आधी नाव पुकारलं गेलं ते तिच्या मुलीचं.

"मी डेला टॅलमेज. इथल्या दवाखान्यात नर्स आहे. तुमच्या आईवडिलांच्या जखमा मी बांधते, आणि झोपायला घाट ओलांडून नगरपरिषदेच्या हद्दीच्या पार टोकाला जाते, कारण इकडे गावात मला परवडेल असं घर नाही. टेकडीवर हरणांना जागा आहे, ससाण्यांना आहे. माझ्या मुलांना कुठे आहे? मी 'हो' म्हणणार."

टाळ्या पडल्या. आईकडे न बघता डेला जागेवर जाऊन बसली.

व्हर्ना उठली. टेकडीवरच्या ओक झाडांबद्दल बोलायचं, उन्हाळ्यात वाळल्या गवतावरून पुठ्ठ्यावर बसून घसरणाऱ्या मुलांबद्दल बोलायचं, असं तिने ठरवलं होतं. ते सगळं तिने बाजूला ठेवलं.

"लँगसाहेब," ती कंपनीच्या माणसाला म्हणाली, "यातलं कुठलं घर माझ्या मुलीला परवडेल?"

"किमती बाजार ठरवतो, मॅडम. पण घरं वाढली की हळूहळू सगळ्यांनाच दिलासा मिळतो."

"हळूहळू म्हणजे कधी? तिचे दात पडायच्या आधी ना?"

मागच्या रांगेत खसखस पिकली.

"भिंतीवर लावलेल्या तुमच्या चित्रात फाटक आहे, पोहायचा तलाव आहे. नर्सचं घर कुठे आहे त्यावर बोट ठेवा. मी खाली बसते."

लँगने चित्राकडे पाहिलं, मग अध्यक्षांकडे. पिवळा दिवा लागला, पाठोपाठ लाल.

"मिस व्हर्ना, वेळ संपला. बसा आता," अध्यक्ष टोबी क्विंटेरो म्हणाला. लहानपणी तो तिच्याच बसने शाळेत यायचा.

"टोबी, बसमध्ये मी तुला बस म्हणायचे, तेव्हा तू कधी बसलास?"

लोक हसले. टोबीचे कान तांबडे झाले. "लाल दिवा लागलाय, मिस व्हर्ना."

"दिसतोय. आयुष्यभर लाल दिव्याला थांबत आले. आज नाही थांबणार."

टोबीने माईक बंद केला. पण बसचं इंजिन आणि पोरांचा कल्ला यांच्यावरून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज होता तो.

"जर्दाळूचा जुना कारखाना ओस पडलाय. तिथे रस्ता आहे, पाणी आहे. नर्सला, मास्तरला परवडतील अशी घरं तिथे बांधा. त्या प्रस्तावासाठीही मी दारोदार फिरेन. पण माझ्या पोरीची गरज पुढे करून टेकडी विकू नका."

बाहेर डेला गाडीला टेकून उभी होती.

"साऱ्या गावासमोर माझा तमाशा केलास, आई."

"तुझा नाही गं. त्या लँगचा."

"कारखान्याच्या जागेचं मी नर्स झाले तेव्हापासून ऐकतेय. तिथे एक वीट चढली नाही. टेकडीवर निदान नकाशा तरी आहे. आज ती घरं मला नसतील, पण कुणीतरी तिथे राहायला जाईल, त्याचं जुनं घर रिकामं होईल. मला तेवढी आशाही करू देणार नाहीस?"

"तुझं मत तुझं आहे," एवढंच व्हर्ना म्हणाली.

मतदान संपायच्या दिवशी सकाळी डेला कामाच्या कपड्यांतच दाराशी आली. घरी टपालाने आलेली मतपत्रिका भरून, पाकीट चिकटवून, त्यावर सही करून तिने आणलं होतं.

"दवाखान्यात माणसं कमी आहेत. मला मतपेटीपर्यंत जायला जमणार नाही. टाकशील?"

"आत 'हो'च आहे ना?"

"'हो'च आहे."

"दे इकडे. आणि काहीतरी खाऊन जा."

वाचनालयासमोरच्या पेटीपाशी ऑस्टरगार्ड उभा होता. व्हर्नाच्या हातात दोन पाकिटं बघून त्याने भुवया उंचावल्या.

"दुसरं डेलाचं? पाच-दहा मतांचा खेळ आहे म्हणतात. कचऱ्याचा डबा तुझ्या डाव्या हाताला आहे. मी आभाळाकडे बघतो."

"लोकांचे नळ तू दुरुस्त करायचास की पळवायचास?"

"अगं, टेकडी जाईल."

"जाऊ दे गेली तर. पोरीचं मत गिळून वाचवली, तर त्या टेकडीवर मला पाय ठेवता येणार नाही."

तिने आधी डेलाचं पाकीट आत सरकवलं, मग स्वतःचं. आत पडताना दोन्ही सारखीच वाजली. क्षणभर तिचा हात पेटीवरच राहिला. मग तिने खांद्यावरच्या पिशवीतून पत्रकांचा गठ्ठा काढला.

"आता कुठे?" ऑस्टरगार्डने विचारलं.

"मेपल गल्ली राहिलीय. एक 'हो' आत्ता माझ्याच हाताने टाकलाय, तो भरून काढायला हवा. तुझ्या गुडघ्यांना चढ झेपेल का?"

"नाही."

"शाब्बास. आता कुठे तुला अर्थ कळला."

ती एकटीच चढ चढून गेली. पहिल्या घराच्या पायरीवर तिने दम खाल्ला, केस सारखे केले आणि दार वाजवलं.