घरात कळणाऱ्या गोष्टी

आयरीन डिकने बेरी भरून भाजलेल्या 'पाय'चा दुसरा तुकडा बशीत ठेवला आणि ऑर्व्हल पॅन्किवने ती बशी स्वतःकडे ओढली. मार्च अर्धा उलटला तरी बर्फ खिडकीच्या चौकटीला टेकून होता.

"वेग, नेम, सगळं रिंकवर दिसतं," तो म्हणाला. "बाकीचं तुझ्यासारखीच्या स्वयंपाकघरात कळतं. बोल, कोलबी घरात कसा आहे?"

ऑर्व्हल एका मोठ्या आइस हॉकी क्लबसाठी पोरं हेरायचा. गावातल्या ज्युनिअर संघात खेळायला दुरून येणारी पोरं आयरीनसारख्यांच्या घरी राहायची; या हंगामात तिच्याकडे कोलबी होता. जूनच्या ड्राफ्टमध्ये क्लब पोरं निवडायचे. त्याआधी हेरणारे येऊन यजमानिणींना विचारून जायचे. जेवतो का, झोपतो का, उलटून बोलतो का.

"जेवतो," आयरीन म्हणाली. "डॅरेल आठवतो तुला, आधी इथे राहायचा तो?"

"न आठवायला काय झालं? इथेच बसून म्हणालो होतो, पंधरा वर्षं पहिल्या फळीत खेळेल, कप्तान होईल. माझ्या शब्दावर क्लबने त्याला पहिल्या फेरीत उचलला. आणि डोक्याला मार लागून दुसऱ्याच हिवाळ्यात गडी बाद." त्याने काटा खाली ठेवला. "माझ्या अंदाजात खोट नव्हती गं. त्याच्या डोक्यानंच दगा दिला."

आयरीनने टेबलावरचे कण तळहाताने गोळा केले. तेव्हा तिने खरं तेच सांगितलं होतं: सामना झाला की डॅरेल पडदे ओढून दिवस दिवस अंधारात पडून असतो. ऑर्व्हल खूश झाला होता. बाकीची पोरं व्हिडिओ गेम खेळत जागतात, हा शरीराला विश्रांती देतो, या वयात अशी शिस्त कुठे बघायला मिळते! तिलाही ते पटलं होतं, अभिमानच वाटला होता. आता डॅरेल शेतीसामानाच्या दुकानात माल लावायचा, आतसुद्धा काळा चष्मा घालून. परवा तिला बघून त्याने मिठी मारली, खुशाली विचारली, आणि ती पैसे देऊन वळते तोच पुन्हा म्हणाला, "अरे आयरीन, किती दिवसांनी!"

"कोलबीही पडदे ओढून पडतो," ती म्हणाली.

"चांगलं आहे की."

"नाही, ऑर्व्हल. शनिवारी खेळताना त्याचं डोकं कठड्यावर आपटलं, तेव्हापासून. काल उलटी झाली. बुटाची नाडी हातात धरून बसून राहिला होता, पुढे काय करायचं तेच आठवेना."

ऑर्व्हलने मान वर केली. "कोचला ठाऊक आहे?"

"कुणाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली आहे त्याने."

"मग मला कशाला सांगतेस? ड्राफ्ट तोंडावर आलाय."

"तू विचारलंस."

त्याने बशी बाजूला सारली. "हे वर क्लबला कळवलं, तर पोराला कुणी शेवटच्या फेरीतही घेणार नाही."

"कळव."

ऑर्व्हलने टोपी उचलली. बशीतला तुकडा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोलबीचा बाप मॅनिटोबा प्रांतातून गाडी घेऊन आला. संघाने कोलबीला गावाच्या दुसऱ्या टोकाला घर बघून दिलं होतं.

"तुमच्यावर राग नाही, मॅडम," बाप दारातूनच म्हणाला. "ऑर्व्हल भला माणूस. त्यानेच कोचला सुचवलं, पोराला जरा शांत घर द्या."

"वर काही कळवलं त्याने?"

"वर कशाला? साधी सर्दी तर होती."

कोलबी तळघरातल्या खोलीतून बॅग घेऊन जिना चढून आला. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली.

"शपथ घातली होती मी," तो म्हणाला. "तू काही माझी आई नाहीस."

"नाही," आयरीन म्हणाली आणि धुतलेले मोजे तिने त्याच्या बॅगेत कोंबले.

शुक्रवारी तो खेळणार होता.

पोराचं घर बदललं की नवी यजमानीण जुनीला फोन करते, ही तिथली रीत. संध्याकाळी लॉर्नाचा फोन आला. आवाज तरुण, हौशी. तिचं हे पहिलंच पोर.

"काय आवडतं त्याला? काही सोसत नाही असं?"

"सगळं खातो. बटाटे जरा जास्तच करा." आयरीनने फोन दुसऱ्या कानाला धरला. "आणि रात्री मधेच त्याला उठवा. नाव विचारा. आज वार कोणता, ते विचारा."

"अहो, झोपमोड होईल. चिडेल ना माझ्यावर."

"चिडला तर बरंच," आयरीन म्हणाली. "उत्तर न देता नुसता हसला, तर गाडी काढून दवाखाना गाठा."