तार निघेपर्यंत

गोदूबाईचा लेक जागेश्वर वारला त्याला नऊ दिवस झाले, आणि दहाव्या दिवशी तिनं सुनेला मेडिकलच्या दवाखान्यातून घरी आणलं.

सायकलरिक्षा इंदोऱ्याच्या गल्लीत शिरली तशा बाया आपापल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. प्रेमलता टपाखाली मान घालून बसली होती. डोक्यावरून हनुवटीखाली पट्टी गुंडाळलेली, गाल डोळ्यांपर्यंत सुजलेले. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळायची आणि ती पदरानं टिपत राहायची. वर्षापूर्वी याच गल्लीतून ती नवरी होऊन आली तेव्हा बायांनी तिच्या दातांचं कौतुक केलं होतं. आता वरचे आणि खालचे दात डॉक्टरांनी तारेनं एकमेकांना बांधून टाकले होते.

त्या शुक्रवारी जागेश्वर तिला घेऊन काटोलला गेला होता, तिच्या माहेरी. रेल्वेच्या वर्कशॉपात तो फिटर. एक दिवसाची सुटी काढली, मित्राची फटफटी मागून घेतली. रविवारी सकाळी परत येताना धुकं इतकं दाट होतं की रस्त्यात बिघडून उभा असलेला ट्रक त्याला दिसलाच नाही. तो जागीच गेला. प्रेमलता उडून तोंडावर आपटली आणि तिचा खालचा जबडा दोन जागी मोडला.

इकडे गोदूबाई नऊ वाजल्यापासून दाराकडे बघत होती. वांग्याची भाजी झालेली, भाकरी फडक्यात झाकलेल्या. अकरा वाजले तशी ती शेजारच्या कांताबाईला म्हणाली, "माहेरी गेली का हिचा पाय निघत नाही वं. पोराले अडकवून ठेवलं असंल." साडेबाराला पोलीस आला.

त्या घटकेला मनात असलेली चीड पुढं गेलीच नाही. लेकाला अग्नी दिला, भंतेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, लोक जेवून गेले, तरी ती चीड जागच्या जागी होती. काटोलला जायचं नसतं तर लेक जिता असता. एवढा साधा हिशेब होता, आणि तो कोणाला सांगायचीही गरज नव्हती.

सुनेला मात्र तिनं टाकलं नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी समजावलं होतं, "सहा आठवडे तोंड बंद राहील. पातळ तेवढंच द्यायचं. आणि ओकारी आली तर ताबडतोब तार कापा, नाहीतर आतलं श्वासनळीत जाऊन गुदमरेल. घरात पक्कड आहे?"

"हाय. पोराची हाय," गोदूबाई म्हणाली होती.

ती पक्कड आता प्रेमलताच्या उशाशी होती. डावीकडचा एक दात अपघातातच पडला होता. त्या फटीतून रबरी नळीनं सगळं पोटात जायचं. सकाळी दूध, दुपारी वरणाचं पाणी नाहीतर पेज, संध्याकाळी ज्वारीची आंबील. गोदूबाई सगळं दोनदोनदा गाळायची. एक कणी राहिली तरी नळी तुंबायची. मग कोमट मिठाचं पाणी पिचकारीनं दातांवरून सोडायचं, खाली घमेलं धरायचं. हे सगळं ती मुकाट्यानं करायची. न बोलता करायची हीच तिची शिक्षा होती, सुनेला दिलेली.

बाया भेटायला येत. लेकाच्या आठवणीनं गोदूबाई हंबरडा फोडायची, बायाही रडायच्या. प्रेमलता भिंतीला टेकून बसलेली असायची. डोळ्यांतून पाणी वाहायचं, पट्टी भिजायची, पण आवाज नाही. दवाखान्यात आठव्या दिवशी गोदूबाईनंच तिला सांगितलं होतं, "जागेश्वर गेला वं." तेव्हाही तिनं खाटेची दांडी दोन्ही हातांनी धरली होती आणि फक्त अंग थरथरलं होतं. एक बाई जाताना दाराशी पुटपुटली, "नवरा मेला तरी बाई रडली नाही." गोदूबाईनं ते ऐकलं. तार दिसत असूनही तिला ते बोलणं कुठंतरी बरं वाटलं.

सुजेचा जोर ओसरल्यावर प्रेमलता दातांआडून थोडं बोलू शकायची. पाणी, हो, नको, एवढंच. गोदूबाईला मात्र एक गोष्ट रात्रंदिवस विचारायची होती. त्या सकाळी माझा लेक काय बोलला? शेवटी काय खाल्लं त्यानं? ते दोन दिवस कसे गेले? सगळं जाणणारी एकच व्यक्ती घरात होती, आणि तिला विचारणं म्हणजे तिच्यापुढं पदर पसरणं होतं.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी तिच्यानं राहवलं नाही. पेज गाळता गाळता वाटी हातातून निसटली आणि चटका बसला. त्या चटक्यासरशी तोंडातून निघून गेलं, "तुह्या माहेराच्या पायी गेला माहा लेक. दोन दिवस माय-बापाचं तोंड पाहिलं नसतं तर मरून नव्हती जात तू."

प्रेमलतानं तिच्याकडे बघितलं. काहीतरी बोलायचं म्हणून ओठ हलले. मग तिनं खाली बघून सांडलेली पेज फडक्यानं पुसायला घेतली.

दोन दिवसांनी तिला ताप चढला आणि दूध पिता पिता ओकारी आली. घशातून घरघर निघाली, डोळे पांढरे झाले. गोदूबाईनं पक्कड उचलली. ओठ बाजूला सारले, तार दिसली, पण हात एवढा कापत होता की पक्कड तारेवर बसेना. प्रेमलतानं तिचं मनगट घट्ट धरलं आणि स्वतः पुढं ओणवी झाली. दूध नाकातून, दातांच्या फटींतून बाहेर आलं. पुन्हा एकदा आलं. मग श्वास लागला.

गोदूबाई तशीच जमिनीवर बसून राहिली. ही पण गेली असती तर, हा विचार तिच्या मनात पहिल्यांदा आला, आणि त्या विचाराची तिला इतकी भीती वाटली की तिनं सुनेच्या पाठीवर ठेवलेला हात बराच वेळ काढला नाही.

संक्रांतीच्या सुमारास देवाजी आले. प्रेमलताचे वडील, काटोलच्या संत्र्यांच्या बागांत राखण करणारा, हडकुळा, मितभाषी माणूस. एसटीनं आले, खांद्यावर संत्र्यांचं पोतडं. अपघातानंतर ते दवाखान्यात दोनदा येऊन गेले होते, पण घरात पाऊल आत्ता ठेवलं. लेकीजवळ बसले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. गोदूबाई संत्र्यांचा रस काढून गाळायला बसली.

"इहीणबाई," थोड्या वेळानं देवाजी म्हणाले, "एक गोष्ट मले झोपू देत नाही."

"कोणती गोष्ट?"

"म्या त्या दिवशी जवायबापूले जाऊ द्यायले नव्हतं पाहिजे. हातभर लांबचं दिसत नव्हतं. म्या म्हटलं, धुकं फाटू द्या, ऊन निघू द्या, मंग निघा. पोरगी पण म्हणे, दुपारच्या एसटीनं जाऊ, गाडी राहू द्या इथंच. पण ते काही आयकेनात. म्हणे, मामाजी, दहाच्या आत पोचतो म्हणून मायले सांगून आलो. मी गेल्याशिवाय माय घास घेत नाही, उपाशी बसंल." देवाजींनी डोळे पुसले. "म्या गाडीची चाबी लपवायले पाहिजे होती. बापाच्या जागी होतो ना मी."

गोदूबाईच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. रस फडक्यातून ठिबकत होता.

शुक्रवारी दारात उभं राहून ती म्हणाली होती, रविवारी दहाच्या आत ये, तुह्याशिवाय मी जेवणार नाही. तिला तो शब्द न् शब्द आठवला. त्यात नवं काही नव्हतंच. नवरा वारला तेव्हा जागेश्वर पाच वर्षांचा होता; तेव्हापासून ती हेच म्हणत आली होती. शाळेतून उशीर झाला तरी, बर्डीवर सिनेमाला गेला तरी, लग्न झाल्यावर तर जास्तच. माझा लेक आल्याशिवाय मी जेवत नाही, हे ती गल्लीत मिरवायची. आणि तो बिचारा, कुठंही असला तरी, जेवणाच्या वेळेला धावत घरी यायचा.

तिनं सुनेकडे बघितलं.

"तुले माहीत होतं?"

प्रेमलतानं मान हलवली. हो.

"मी तुले एवढं टोचून बोलली. अन् तू गप काहून बसली? इशाऱ्यानं सांगायचं. बापाले सांगायले लावायचं."

दातांआडून, एकेक शब्द ढकलत प्रेमलता म्हणाली, "मंग तुमी... जगल्या नसत्या."

देवाजींना आत्ता कुठं कळलं की आपण काय बोलून बसलो. ते हात जोडून उठले. गोदूबाई म्हणाली, "तुमी काहून हात जोडता गा. पोरीले घेऊन जा घरी. मी कोणत्या हक्कानं ठेवू तिले?"

प्रेमलतानं नाही म्हणून मान हलवली आणि बापानं पुढं केलेला हात हलकेच बाजूला केला. देवाजी संध्याकाळच्या गाडीनं एकटेच परतले.

त्यानंतर दोन दिवस गोदूबाई अंथरुणातून उठली नाही. कांताबाईनं येऊन सुनेची पेज शिजवली. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रेमलता तिच्याजवळ ताट घेऊन बसली. दुधात भाकर कुस्करलेली होती. स्वतः महिनाभर एक घास न चावलेली पोर ते ताट धरून बसली, तास झाला तरी हलली नाही. शेवटी गोदूबाई उठून बसली. पहिला घास गिळताना तिला वाटलं, हा काही उतरणार नाही. पण उतरला. पोट निर्लज्ज असतं, ती मनात म्हणाली.

जानेवारी संपता संपता मेडिकलमध्ये तार काढली. डॉक्टरांनी बारीक तुकडे चिमट्यानं ओढून ट्रेमध्ये टाकले आणि म्हणाले, "उघड तोंड." प्रेमलतानं जोर लावला. तोंड जेमतेम एक बोट उघडलं. तिला वाटलं काहीतरी बिघडलं, पण डॉक्टर म्हणाले, "एवढंच उघडतं सुरुवातीला. रोज थोडं थोडं वाढवायचं. घाई नको, हाड अजून कच्चं आहे."

घरी येऊन ती पाणी प्यायली. पेल्यानं, नळीशिवाय. मग उंबऱ्यापाशी बसली. खुंटीवर जागेश्वरचा वर्कशॉपचा निळा सदरा टांगलेला होता, तेलाचे डाग असलेला. दीड महिना तो तिथंच होता आणि रोज तिच्या नजरेसमोर होता. पण आज ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिच्या छातीतून एक आवाज वर आला. आधी कण्हल्यासारखा. मग त्या बोटभर फटीतून असा काही हंबरडा फुटला की पलीकडून कांताबाई हाताचं पीठ न धुता धावत आली.

गोदूबाई तोवर पोचली होती. तिनं दोन्ही तळव्यांनी सुनेचा जबडा खालून धरला, मोडू नये म्हणून, आणि ती म्हणत राहिली, "रड. रड वं माये. मी धरून हाय, रड." प्रेमलता दुखण्यानं कळवळत होती आणि थांबूही शकत नव्हती. सहा आठवड्यांचं रडणं होतं ते. गोदूबाईच्या बोटांवरून लाळ आणि आसवं ओघळून कोपरापर्यंत आली, तरी तिनं हात सोडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मऊ खिचडीचे चार चमचे खाऊन झाल्यावर, प्रेमलता आपणहून म्हणाली, "आत्याबाई, काटोलचं सांगू?"

गोदूबाईनं हातातलं काम खाली ठेवलं.

ती हळूहळू सांगत गेली. काही अक्षरं नीट उमटत नव्हती, ती पुन्हा म्हणायची. शुक्रवारी पोचल्यावर ह्यांनी विहिरीवर अंघोळ केली, पाणी कोमट लागलं म्हणून खूश झाले. शनिवारी बाबांबरोबर बागेत गेले. झाडाखाली बसून सात संत्री खाल्ली.

"सात?" गोदूबाई म्हणाली. "खोकला नाही झाला?"

"झाला ना. रात्री आईनं अडुळसा दिला."

"मंग?"

मग त्याच दुपारी ओसरीवर झोपले. घोरत होते, तर माझा भाऊ हसला. संध्याकाळी पत्ते खेळले, भावानं हरवलं तर म्हणाले, पुढच्या वेळी बघतो तुले. रात्री पिठलं-भाकर केली होती. म्हणाले, मायच्या हातचं जास्त चांगलं राहते, पण हेही बरं हाय.

गोदूबाईला हसू आलं आणि रडूही. ती बारीकसारीक विचारत राहिली. कोणता सदरा होता अंगात? अंथरूण कुठं टाकलं होतं? चहात साखर जास्त मागितली का? प्रेमलतानं आठवून आठवून सगळं सांगितलं. सकाळी निघताना त्यांनी आपला मफलर मला गुंडाळला, म्हणाले तोंडाला वारा लागंल. कळमेश्वरच्या फाट्यापर्यंत काहीतरी गुणगुणत होते. त्यापुढचं, ट्रकचं, तिला काहीच आठवत नव्हतं.

"नको आठवू ते," गोदूबाई म्हणाली.

ऊन भिंतीवरून वर सरकलं होतं. प्रेमलताचा जबडा ठणकायला लागला होता, ती गालाला हात लावून थांबली. गोदूबाईनं तिच्या अंगावर वाकळ ओढली.

"बस आता. दुखून राहिलं तुले. बाकीचं उद्या सांग."

प्रेमलतानं तिच्याकडे बघितलं आणि हळूच नाही म्हणून मान हलवली.

"बाकी काही नाही आत्याबाई," ती म्हणाली. "एवढंच हाय."