दांड्यावरचा रस्ता

“अंगदभाऊ, आज तुमीच शेवटचे. धरा दांडा!”

मालनबाईंनी लाल कापड गुंडाळलेला हातभर दांडा माझ्या हातात कोंबला आणि मोटारसायकलच्या हँडलला जेवणाचा डबा अडकवला. “आन् त्यान्ला म्हणावं, मीठ कमी हाय, तरी गुमान खावा.”

मी माजलगावच्या तहसीलबाहेर बसणारा अर्जनवीस. दुनियेच्या तक्रारी लिहून देतो. दिंद्रुडहून रोजची ये-जा. वाटेत महामार्गाचा पूल सहा वर्षं अर्धवट उभा आहे, त्यामुळे तिथं अर्धा किलोमीटर एकेरी वाट. अलीकडच्या टोकाला झेंडी घेऊन मालनबाई, पलीकडच्या टोकाला त्यांचे मालक शहादेवभाऊ. इकडची रांग सुटली की शेवटच्या गाडीवाल्याकडं दांडा द्यायचा. तो पलीकडं शहादेवभाऊंच्या हातात पडला की मगच तिकडची रांग सोडायची. सहा वर्षांत एक धडक म्हणून झाली नाही.

दांड्यासोबत डबा जायचा, तंबाखूची पुडी जायची, रुसवेफुगवेही जायचे. परत येताना शहादेवभाऊंचा निरोप असायचा, “तिला म्हणावं, मीठ नसंल तर नसू दे, पर भाकर तरी मऊ थाप.” नवरा-बायकोचं हे भांडण मी इतकी वर्षं वाहिलं आणि मला त्यात भारी मजा यायची, खोटं कशाला बोलू?

रांग थांबली की दुसरं भांडण पेटायचं. उसाच्या ट्रॅक्टरवाला ओरडायचा, “रस्त्याचं काम घेतलेल्या गुत्तेदारानं खाल्लं बे सगळं! तीनशे कोटीचा रस्ता सहाशेवर गेला.”

जीपमधून उत्तर यायचं, “गुत्तेदाराला कावून शिव्या देतो? जमिनीचा वाढीव मावेजा मागायला कोर्टात कोण गेलतं? तुजाच चुलता ना?”

“गेलता! मग जमीन काय फुकट द्यायची का?”

एकदा कुणीतरी मालनबाईंनाच म्हणालं, “तुमाला काय, रस्ता जितका रखडंल तितकी तुमची रोजी पक्की.”

“व्हय बाबा,” त्या म्हणाल्या, “सहाशे कोटी माज्याच पदराला बांधलेत. गाठ सोडून दाखवू का?” सगळी रांग हसली.

शेवटी तहसीलच्या सभागृहात रस्त्याबाबत सुनावणी ठरली. निवेदन लिहायला अर्थातच मी! अकरा मुद्दे काढले. वाढलेला खर्च, चार वेळा दिलेली मुदतवाढ, धूळ, खड्डे, सगळं घेतलं. अकरावा मुद्दा तर असा उतरला की मीच माझी पाठ थोपटली: ‘सहाशे कोटींचा हा रस्ता आज एका दांड्यावर चालला आहे.’

तीनशे साठ सह्या झाल्या. मालनबाईंनाही झेंडीपाशी उभं राहून सगळं वाचून दाखवलं. अकरावा मुद्दा ऐकून त्यांनी एकदा पलीकडच्या टोकाकडं पाहिलं आणि सही केली.

सुनावणीत त्या वाक्याला टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात तोच मथळा. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. पहिल्या दहा मुद्द्यांपुढं ‘कार्यवाही प्रस्तावित’, आणि अकराव्यापुढं ‘तात्काळ दखल’. सोमवारपासून दांडा बंद, दोन्ही टोकांना वायरलेस सेट, आणि झेंडीवर नजर तपासलेलीच माणसं ठेवायची.

मी पेढे घेऊन पुलापाशी गेलो. म्हटलं, मालनबाई, सहा वर्षांत पहिल्यांदा सरकार हललं!

त्यांनी पेढा घेतला, पण तोंडात घातला नाही. “तुमी लई चांगलं लिवता, अंगदभाऊ. पर त्यान्ला दिसत न्हाई.”

“कुणाला?”

“आमच्या मालकाला. काचबिंदू. एक डोळा गेलाच, दुसऱ्यानं निस्ता उजेड-अंधार कळतो. म्हणून तर दांड्याची युक्ती काढली. हातात आला की गडी समजतो, वाट मोकळी झाली. नजर तपासली तर सोमवारपास्नं घरीच.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा वर्षं त्या माणसाच्या हातात दांडा देत होतो, ‘राम राम’ करत होतो, आणि ते आवाजावरून मला ओळखत होते हे माझ्या ध्यानात आलं नाही. दुनियेच्या तक्रारी लिहिणारा मी शहाणा!

तसाच तहसील ऑफिसात गेलो. साहेबांना म्हणालो, अकरावा मुद्दा चुकून आला, तेवढा काढून टाका.

“तेवढा कसा काढणार? मागे घ्यायचं तर पूर्ण निवेदन घ्या. नवीन द्या, नवीन नंबर पडेल, पुन्हा सुनावणी लागेल.”

म्हणजे आणखी दोन वर्षं. तरी कोरा कागद घेऊन मी मालनबाईंकडं आलो. म्हणालो, “तुम्ही हो म्हणा, आत्ता मागं घेतो. लोक शिव्या देतील, देऊ द्या.”

“काई गरज न्हाई. तुमी वाचून दाखवलं तवाच कळलं हुतं मला.”

“मग सही कावून केली?” माझ्याही तोंडून आमची बोली निसटली.

“एकदा ह्याच रांगेत एका पोरीला कळा सुटल्या. दांडा येईस्तोवर मी तिला सोडू शकले न्हाई. मीच अडवली तिला, ह्या हातानं. रस्ता व्हायला पायजे, अंगदभाऊ.” मग डोळे पुसून म्हणाल्या, “फक्त त्यान्ला सांगू नका, मी सही केली म्हणून.”

रविवारी तहसील बंद, तरी संध्याकाळी मी पलीकडच्या टोकाला गेलो. शहादेवभाऊंनी झेंडीची नीट घडी घातली, नव्या माणसाला दिली आणि माझ्या मागं बसले. एकेरी वाटेवरून आम्ही हळूहळू निघालो. अलीकडचं टोक जवळ आलं, समोर मालनबाई रस्त्याच्या डाव्या अंगाला उभ्या होत्या.

शहादेवभाऊंनी उजवीकडं हात वर केला. तिथं नुसता खडीचा ढीग होता. “ती बघा आमची मालन,” ते कौतुकानं म्हणाले आणि ढिगाकडं बघून हात हलवत राहिले.

मालनबाईंनी ते पाहिलं. थांबलेल्या ट्रॅक्टरला तसंच उभं राहायची खूण केली, लगबगीनं रस्ता ओलांडला आणि खडीच्या ढिगासमोर येऊन हात वर केला.

“उभी हाय ना?” शहादेवभाऊंनी विचारलं.

“हाय, भाऊ,” मी म्हणालो आणि गाडी खडीच्या बाजूला घेतली.