भिंतीवर चालणारी बोटं

भांडण पेटलं ते कोळशाच्या रेघांवरून. माझी पिठाची गिरणी त्यांच्या घरासमोरच, त्यामुळे पहिल्या शब्दापासून मी हजर होते. मी काही मुद्दाम बघत नाही. पण गिरणीच्या दारातून त्यांचं अंगण दिसतं, आणि दळण होईपर्यंत माणसाने डोळे मिटून तरी किती बसायचं?

दोन सख्खे भाऊ, दोन घरं, मध्ये एक सामाईक भिंत. अलीकडे धाकटा, त्याची आई आणि त्याची बायको. या बायकोला सगळं गाव कापणीवाली म्हणतं, कारण गहू कापायला बसली की बाकीची रांग मागे आणि ही पुढे. पलीकडे थोरला, म्हणजे तिचे भावजी, आणि तिची जाऊ. वाटणी झाल्यापासून भावजींनी त्या भिंतीला जेवढं जपलं तेवढं बायकोला जपलं नसेल.

थंडीत कापणीवालीचं ऑपरेशन झालं. छातीत गाठ निघाली, उजवी बाजू काढावी लागली, काखेतल्या गाठीही काढल्या. गावाला मात्र सासूने पोटाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं. छातीचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, अशी घरात सक्त ताकीद होती. दवाखान्यात सोबतीला मी होते म्हणून मला खरं ठाऊक.

जखम भरली, पण हात परका होऊन घरी आला. काखेपासून कोपरापर्यंत बधिर, आणि खांद्याच्या वर जायचं नाव घेईना. ती त्याला पाहुणा म्हणायची. जेवतो, झोपतो आणि कामाचं नाव काढत नाही, असं सांगून स्वतःच हसायची. एकदा त्या दंडाला मुंगळा चावून बसला होता. मी तो ओढून काढला तेव्हा तिला कळलं, आणि त्या दिवशी मात्र ती हसली नाही.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईने सांगितलं होतं की भिंतीसमोर उभी राहा, बोटं हळूहळू वर चालव आणि पोचतील तिथे खूण कर. नवऱ्याने त्यात स्वतःची अक्कल मिसळली. तिचा विळा त्याने भिंतीतल्या सगळ्यात उंच खुंटीला अडकवला.

"ज्या दिवशी उजव्या हाताने काढशील, त्या दिवशी शेतात ये. तोवर नाही," तो म्हणाला.

बिचारा काळजीनेच बोलला. पण शेतात गहू पिवळा पडत चालला होता, आणि यंदाची कापणी आपल्याशिवाय झाली तर आपण संपलो, असं तिने मनात धरलं होतं. रोज सकाळी ती भिंतीवर बोटं चालवायची, घाम पुसायची आणि कोळशाने रेघ मारायची.

भावजींनी हे भिंतीवरून डोकावून पाहिलं. पोटाचं ऑपरेशन झालेली बाई भिंत का चाचपते, आणि रेघा रोज वर का सरकतात? त्यांनी हिशेब लावला की हे लोक भिंतीवर मजला चढवणार. झालं. ते हमरीतुमरीवर आले आणि तडक रिटायर मोजणीदाराला घेऊन आले. या गृहस्थांना रिटायर झाल्यापासून मोजायला काही मिळालं नव्हतं. त्यांनी आल्या आल्या निकाल होईपर्यंत भिंतीला कुणी बोटही लावायचं नाही, असं फर्मान काढलं.

घरात कुणाचं तोंड उघडेना, कारण उघडलं तर छातीचं नाव घ्यावं लागणार. कापणीवाली माझ्याकडे आली. पण गिरणी सुरू झाली की माझी भिंत थरथरते, आणि तिची बोटं आपोआप खाली घसरत. मग तिने गोठ्यात म्हशीच्या अंगावर बोटं चालवून पाहिली. म्हशीला ते फार आवडलं, पण म्हैस पुरेशी उंच नव्हती. हात पुन्हा आखडायला लागला.

निकालाच्या दिवशी मोजणीदाराने टेप उघडला आणि विचारलं, या रेघा कसल्या? नवरा म्हणाला, ओल किती चढते ते बघतोय. त्याच दमात सासू म्हणाली, नातवाची उंची मोजतो. घरात नातू नव्हता. मोजणीदाराने थोडा विचार केला आणि सांगितलं की ओल आहे म्हणजे भिंत पाडणार आणि नातू येणार म्हणजे खोली वाढवणार, तेव्हा तक्रार खरी आहे. भावजींचा चेहरा असा खुलला की मला त्यांच्या अंगावर पिठाची पाटी उलटी करावीशी वाटली.

कापणीवाली पुढे आली.

"भावजी, माझं पोट धडधाकट आहे. कॅन्सर झाला होता. उजवी छाती कापून काढलीये," ती म्हणाली. "हात बधिर पडलाय, वर जात नाही, म्हणून बोटं चालवते. तुमची भिंत नकोय मला. माझा विळा हवाय."

मोजणीदाराच्या हातातून टेप सुटला आणि सर्रकन डबीत गेला. सासूने कपाळाला हात लावला. भावजींना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी हात लांब करून विळाच काढायला घेतला.

"हात लावू नका. तो मीच काढणार."

ती भिंतीला भिडली. बोटं पहिल्या रेघेवर गेली, दुसरीवर गेली, एकेक करत शेवटच्या रेघेपर्यंत चढली आणि अडकली. मोजणीदाराने सवयीने टेप लावला आणि चार बोटं कमी असल्याचं जाहीर केलं. भावजींनी टाचा उचलू नको म्हणून बजावलं, आणि लगेच स्वतःच टाचा उचलून "अजून वर, अजून थोडं" असं पुटपुटायला लागले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मधलं बोट विळ्याच्या मुठीला टेकलं, मग दुसरं टेकलं, आणि विळा खुंटीवरून निघून तिच्या हातात आला. मी रडले आणि डोळ्यात पीठ गेलं म्हणाले. गिरणी बंद होती.

मोजणीदाराचं समाधान झालं नव्हतं. खुंटी भिंतीच्या निम्म्याहून आत गेलीये, तेव्हा तिचं टोक भावजींच्या हद्दीत येतं, असा मुद्दा त्यांनी काढला. भावजींनी त्यांना चहा पाजून घरी पाठवलं.

कापणीला ती आली. अंगात लांब बाह्या, हातात मोजा, आणि रांगेत पुढे नाही, मधोमध. दुपारनंतर पाहुणा थकला तेव्हा ती बांधावर बसून बाकीच्यांच्या चुका काढत राहिली. इतकी खूश मी तिला कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती.

त्याच आठवड्यात तिची जाऊ गिरणीत आली. हातात दळण नव्हतं. मला म्हणाली, तिला जरा बोलावून घे. कापणीवाली आली तेव्हा जाऊने खालच्या आवाजात विचारलं.

"तुझी गाठ दुखत होती का गं?"

"नाही, ताई. अजिबात नाही."

जाऊने मान हलवली. मग कापणीवालीचा हात धरून तिने तो स्वतःच्या छातीवर ठेवला. मी दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजींनी दवाखान्यात जायला टेम्पो आणला. दोघी जावा मागे बसल्या. भावजी टेम्पोभोवती उगाच फेऱ्या मारत होते. शेवटी बायकोजवळ येऊन थांबले.

"लागलीच गरज तर आपल्या बाजूची भिंत मोकळीच आहे. खुंटी ठोकून ठेवलीये मी, अगदी वर."

"जरा खाली ठोकायची होती," जाऊ म्हणाली.