तीस गुंठ्यांचं बुकिंग

पिशोरच्या नानासाहेबांचा अंगठा गावात गाजलेला होता. आपलं ट्रॅक्टर भाड्यानं द्यायला ॲपवर टाकल्यापासून ते बोलायचे कमी, अंगठा हलवायचे जास्त. हॉटेलात चहा पिता पिता आलेली बुकिंगं मंजूर, नामंजूर, मंजूर. रान एकराच्या आतलं दिसलं की नामंजूर. नुसतं ट्रॅक्टर वळवण्यातच डिझेल जातं, असं चारचौघांत ऐकवायचे. दुनियेची रानं झाली, घरचं तेवढं राहिलं.

घरचं म्हणजे विहिरीजवळचे तीस गुंठे. तिथं लक्ष्मीबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, अद्रक लावायची होती. माहेराहून भावानं बेणं पाठवलेलं. त्याला कोंब फुटले, पोत्यातच ते सुकायला लागलं. ट्रॅक्टरनं गादीवाफ्याचे बेड पाडून द्या, बेणं गेलं की वर्ष गेलं, असं त्या पंधरा दिवस घोकत होत्या. अन् नानासाहेब पंधरा दिवस उद्या बघू म्हणत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

शुक्रवारी दुपारी जेवायला घराकडं वळले अन् त्यांनी गाडीचा करकचून ब्रेक दाबला. विहिरीजवळच्या रानात ट्रॅक्टर चाललं होतं. लाल. आपलं तर निळं, अन् ते शेजारच्या गावात कामावर! कुणीतरी चुकून भलत्याच रानात शिरलं असंल, या समजानं ते तणतणत बांधावर गेले. ड्रायव्हर गोकुळ ओळखीचाच निघाला. तो खाली उतरला अन् नजर चुकवत म्हणाला, ॲपवरून काकूंचं बुकिंग आलंय. नाव बघून मी पण दोनदा वाचलं, काका, तुमचं ट्रॅक्टर बिघडलं असंल असं वाटलं.

नानासाहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. ट्रॅक्टरवाल्याच्या रानात दुसऱ्याचं भाड्याचं ट्रॅक्टर! रस्त्यानं जाणारे थांबून बघत होते.

लक्ष्मीबाई पोत्याजवळ बसून बेणं निवडत होत्या. मला सांगायचं तरी, असं ते कसंबसं पुटपुटले. लक्ष्मीबाईंनी मोबाइल पुढं धरला. संभाजीनगरच्या लेकीनं, श्रेयानं, त्यांना फोनवरून ॲप शिकवलं होतं. आधीचं एक बुकिंग तिथं दिसत होतं. मंगळवार. तीस गुंठे. लक्ष्मीबाई. खाली ट्रॅक्टरमालक नानासाहेब, अन् पुढं नामंजूर.

"घरात ऐकू जाईना, म्हणून पहिलं तुमच्याकडंच टाकलं होतं," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "नाव तरी वाचायचं."

नानासाहेबांना मंगळवार आठवला. हॉटेलात तीन बुकिंगं एका दमात उडवली होती, वर फुकटची डोकेदुखी म्हणून शेजारच्याकडून टाळी घेतली होती. पंचवीस वर्षं जिच्या हातची भाकर खाल्ली, तिला आपण टाळी घेऊन उडवलं.

गोकुळचे शेवटचे दोन बेड राहिले होते. लक्ष्मीबाईंनी बेण्याची टोपली भरली. नानासाहेब अजून खांबासारखे उभेच.

"उचलू लागता," त्यांनी विचारलं, "का याचं पण बुकिंग करू?"