उजेडावरचा टेलिफोन

यंत्र चाललं असतं तर धोंडीरामशेठना दोन गोष्टी मिळणार होत्या: अंबडमधल्या त्यांच्या दोन शेडमध्ये बोलायची सोय आणि कारखानदार मंडळाचं अध्यक्षपद. पहिलीची त्यांना फारशी पडली नव्हती. रस्त्यापलीकडच्या कामगारांवर ओरडायला त्यांचा घसा समर्थ होता.

यंत्र मेव्हण्याचं, वाल्मीकचं. सरकारी फोनचा नंबर लागेना, रस्त्यावरून वायर न्यायला परवानगी मिळेना; म्हणून त्यानं आवाज उजेडावर बसवून पलीकडे धाडायची जोडणी केली. इकडच्या माळ्याच्या खिडकीत भिंगामागे दिवा, तिकडच्या खिडकीत उजेड टिपून त्याचा पुन्हा आवाज करणारी पेटी. वर्षभर बिनपगारी खपला. चाललं तर धंद्यात भागीदारी, असा शेठचा शब्द होता. शेठ शब्द सढळ हातानं देत. त्याला खर्च येत नाही.

चौऱ्याऐंशीच्या खंडेनवमीला मंडळाचे सभासद यंत्र बघून अध्यक्ष ठरवायला पलीकडच्या माळ्यावर जमले. इकडे शेठच्या पत्नी चतुराबाईंनी यंत्रांची पूजा मांडली. लेथ झालं, ड्रिल झालं, मग माळ्यावरचं भिंग.

"ताई, काचेला नको," वाल्मीक म्हणाला.

"का? तिनंच काय पाप केलंय?" शेठ गरजले. "लाव गं, चांगलं ठसठशीत!"

ओलं कुंकू लागलं, वर अक्षता चिकटल्या. पलीकडे शेठचे प्रतिस्पर्धी सावळीराम रिसीव्हर कानाला लावून ताटकळले. शेठ इकडून यंत्रात बोलले, तरी आवाज येईना.

वाल्मीकनं रुमाल काढला.

"खबरदार! माझ्या बायकोनं लावलेलं कुंकू पुसतोस? मला वर धाडायला निघालास काय?"

"दाजी, उजेड अडलाय हो. एवढं पुसलं की—"

"हात लावशील तर बघ!"

वाल्मीकनं बहिणीकडे पाहिलं. तिनं पदर सावरला आणि खाली मान घातली.

"शेठ, बोला की!" समोरून सावळीराम ओरडले. "का उजेडाची पण लाइन कटली?"

तिकडे हशा उसळला. शेठ खिडकीत आले, हात जोडले आणि बोंबलले, "मेव्हण्यानं फसवलं हो! जाऊ द्या, घरचा माणूस आहे. मी माफ केलं!"

हे मात्र बिनयंत्राचं लख्ख ऐकू गेलं. सासुरवाडीच्या माणसाला एवढं सांभाळून घेणारा माणूस मंडळालाही सांभाळेल, असं सभासदांनी ठरवलं. असल्या डोक्यांना असलाच अध्यक्ष शोभतो.

शेठना खुर्ची मिळाली, सभासदांना पेढे, सावळीरामांना वर्षभर पुरेल एवढं हसू. वाल्मीकची भागीदारी बुडाली. त्याच संध्याकाळी तो पुण्याला गेला आणि परत फिरकला नाही. भाऊबीजेला चतुराबाईंनी, पाठचा भाऊ जिवंत असताना, चंद्राला ओवाळलं.