विजेनंतर आलेले तुर्क

लिपोव्हेट्स या डोंगरावरच्या गावात तुर्क एकदाच आले. त्यांनी पायथ्याशी उभं राहून चढ पाहिला आणि ते परत गेले. गावात हा विजय समजला जातो. पुढे फ्रेंच शिपाई मात्र थेट वरपर्यंत आले, पाणी प्यायले आणि आपण रस्ता चुकलोय असं म्हणाले. चर्च खरं तर खाली बांधायचं ठरलं होतं, पण दिवसा रचलेले दगड रात्री आपणहून माथ्यावर जाऊन बसत. दगडांना जमलं ते नळाच्या पाण्याला इतकी वर्षं का जमलं नाही, हे कुणी सांगत नाही.

एवढा ऐवज असूनही खालच्या हमरस्त्यावर लिपोव्हेट्सची, प्रेक्षणीय गावांना मिळते ती तपकिरी पाटी नव्हती. शेजारच्या बुकोवाची होती. तिथे एक धबधबा आहे. तो लिपोव्हेट्सच्या तरुण गाश्पेरच्या छातीपर्यंत येतो.

गाश्पेरला ती पाटी हवीच होती. पाटी लागली तर पाहुणे येणार आणि तो त्यांना गाव दाखवत हिंडणार. नाही लागली, तर सोमवारपासून मामाचं टायरचं दुकान. म्हणून त्याने हिवाळाभर बसून गावचा इतिहास रंगवला, आणि तोही ओतिलिया आत्याच्या मधपेट्यांच्या दर्शनी फळ्यांवर. जे चित्र आधी सुचलं ते आधी काढलं आणि पुढच्या पेटीला स्क्रूने बसवून दिलं.

पर्यटन कचेरीच्या काव्चिच बाई पाहणीला यायच्या दिवशी सकाळी तो कॉफीचा कप घेऊन पेट्यांसमोर उभा राहिला आणि त्याला घोटाळा दिसला. पहिल्याच फळीवर गावात वीज आली होती. तुर्क दुसऱ्या फळीवर होते.

‘बाई शिकलेल्या,’ तो मनाशी म्हणाला. ‘त्यांना वाटेल, तुर्कांनी बल्बच्या उजेडात चढ पाहिला.’

त्याने स्क्रूड्रायव्हर आणला आणि सगळा इतिहास सनावळीप्रमाणे लावून टाकला. लिंडनची मधाळ झाडं फुलली होती, माश्या कामावर गेल्या होत्या, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.

मग माश्या घरी परतल्या.

“गाश्पेर!” आत्या स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनीच धावत आली. “माझ्या माश्या दाराबाहेर का घोंगावताहेत?”

“काही नाही गं आत्या, जरा इतिहास नीट लावला.”

“फळ्या हलवल्यास?”

“क्रमाने लावल्या.”

“अरे गाढवा, चित्र बघून माशी आपलं घर ओळखते! तुर्कांची माशी चर्चमध्ये शिरतेय आणि आतल्या तिला बदडून बाहेर काढताहेत!”

“त्या काळीही तसंच झालं असतं की.”

“टायरच बदलत बस तू. तेवढीच तुझी लायकी.”

एवढ्यात गाडी थांबली आणि फिकट रंगाच्या कोटातल्या काव्चिच बाई उतरल्या. गाश्पेरने पाठ केलेलं भाषण सुरू केलं. “लिपोव्हेट्समध्ये आपलं स्वागत आहे. इथे इतिहास आजही जिवंत आहे.”

“दिसतंय,” कानाजवळची माशी वारत बाई म्हणाल्या. “फळ्या आज हलवल्यात?”

“हो.”

“लिंडन फुललेलं असताना?”

“…हो.”

त्या देशात कुठल्याही कचेरीत जा, टेबलामागचं माणूस आधी मधमाश्या पाळतं आणि मग साहेब असतं. बाईंनी कोट काढून कुंपणावर टाकला. “स्क्रूड्रायव्हर दे. कुठली फळी कुठे होती?”

गाश्पेरला आठवेना. आत्याला तोंडपाठ होतं. “वीज भिंतीकडे. तिच्याशेजारी तुर्क. मग दगड, मग फ्रेंच, आणि आगीचा बंब शेवटी.”

“तुझं भाषण का थांबलं?” स्क्रू पिळत बाई म्हणाल्या. “ऐकतेय मी.”

“कुठल्या क्रमाने सांगू?”

“माश्यांच्या.”

गाश्पेर विजेच्या फळीपाशी गेला. “तर… आधी गावात वीज आली. दूरवर उजेड दिसला म्हणून तुर्क आले. चढ बघून परत गेले. ते खाली जाताना पाहून दगडांना वाटलं, वर जागा झाली. ते वर गेले, त्यांचं चर्च झालं. त्याची घंटा ऐकून फ्रेंच आले आणि सगळं पाणी पिऊन गेले. म्हणून आग लागली तेव्हा गावाला बंब घ्यावा लागला.”

“बंबवाले कायम शेवटीच येतात,” आत्या म्हणाली. “आमचे हे होते ना त्यात.”

शेवटची फळी बसली. माश्या थोडा वेळ घुटमळल्या आणि आपापल्या शतकात शिरल्या. बाईंची हनुवटी एका बाजूने सुजली होती, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

“पाटी मिळेल का हो?” गाश्पेरने विचारलं.

“चर्च गावोगावी आहे. दगडही गावोगावचे चढतात, आमच्याकडचे तर दोनदा चढले.” बाईंनी कोट झटकला. “पण वीज असूनही तुर्कांना परत लावणारं गाव मला पहिल्यांदाच भेटलं. मिळेल पाटी. फळ्यांना पुन्हा हात लावलास तर मीच येऊन ती पाटी उपटून नेईन.”

गाडी उताराला लागली. गाश्पेर हसत नुसता उभा होता. आत्याने त्याच्या पाठीत धपाटा घातला, कपड्यावर पिठाची पाच बोटं उमटली.

“बघतोस काय? पळ! बुकोवाच्या पाटीच्या वर लागणार की खाली, ते विचारून ये!”

गाश्पेर धावत सुटला. उतार असा, की गाडी गाठल्यावरही त्याला थांबता येईना. खिडकीपाशी पोचला तेव्हा तो ओरडला, “वर की खाली?” आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे निघून गेला.

“वर!” बाई मागून ओरडल्या.